हनुवटीवरचा ठिपका

माणसांच्या ओळखीच्या खुणा वाचण्यात माझ्या नोकरीची बरीच वर्षे गेली. कोषागार खात्यात निवृत्तिवेतनाचे कागद तपासताना नाव, जन्मतारीख आणि उंची यांच्या खाली एक रकाना हमखास येई : शरीरावरील ओळखीच्या खुणा. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रासाठीही या खुणा लिहून द्याव्या लागत. त्यासाठी वर्गशिक्षकांनी मुलांना ओळीने उभे करून तीळ शोधल्याची आठवण हैदराबादेत शिकलेल्या अनेकांना असेल. पुरुषांच्या कागदावर बहुधा तीळ किंवा जखमेचा व्रण असे. खेड्यापाड्यांतून आलेल्या वृद्ध स्त्रियांच्या कागदावर मात्र ‘टॅटू मार्क’ हे दोन शब्द वारंवार भेटत. खात्री करण्यासाठी विचारले की समोरची बाई हात पुढे करून म्हणे, ‘पच्चबोट्टु’. तेलुगूतला हा शब्द मला फार आवडतो. पच्च म्हणजे हिरवा आणि बोट्टु म्हणजे कपाळावरची टिकली. आपण मराठीत त्यालाच गोंदण म्हणतो. सही बदलते, छायाचित्र जुने होते. पण हातावरची ती हिरवी वेल सरकारदरबारीही पुरावा म्हणून चालत असे.

गंमत अशी की तो हिरवा रंग कुणी भरलेला नसतो. दिव्याच्या ज्योतीवर धरलेले काजळ, म्हणजे निव्वळ कोळसा, सुईने त्वचेच्या आतल्या थरात उतरवलेला असतो. त्याच्यावर त्वचेचा पडदा असल्याने काळा रंग आपल्या डोळ्यांना निळसर-हिरवा भासतो.

माझ्या आईच्या हनुवटीवर असा एक ठिपका होता आणि उजव्या हाताच्या आतल्या बाजूस तुळशीवृंदावन. तिचे माहेर नांदेड जिल्ह्यातले, देगलूरकडचे. तो सारा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आई सात-आठ वर्षांची असताना मार्गशीर्षात माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत तिला गोंदवले. दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया, करवंटीत कालवलेले काजळ, आणि रडू विसरावे म्हणून गाणे म्हणणारी गोंदणारीण, असे वर्णन ती करी. आजीने तिचे डोके मांडीत घट्ट धरले होते. काम झाल्यावर वर हळद आणि तेल चोपडले आणि गोंदणारणीच्या पदरात ज्वारी व नारळ घातला. दागिने इथेच राहतात, बाईबरोबर वर जाते ते गोंदण, अशी तेव्हाच्या बायकांची श्रद्धा होती. आई पुढे लग्न होऊन काचीगुड्याला आली. १९५६ साली राज्यपुनर्रचनेत तिचे माहेर मुंबई राज्यात गेले आणि सासर आंध्र प्रदेशात राहिले. या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी घरांची कहाणी हीच आहे.

आई २०१६ साली गेली. भिंतीवर तिचे जे छायाचित्र आहे ते एका स्टुडिओत काढलेले. छायाचित्रकाराने त्या काळच्या पद्धतीप्रमाणे निगेटिव्हवर बारीक कुंचला फिरवून चेहरा ‘स्वच्छ’ केला आणि हनुवटीवरचा ठिपका डाग समजून पुसून टाकला. आई हसून म्हणाली होती, ‘ही कोण बाई आणली रे तुम्ही घरात?’ तसबीर तीच राहिली. पाहता पाहता आमचेही डोळे त्या बिनठिपक्याच्या चेहऱ्याला सरावले.

गेल्या वर्षी माझी धाकटी मुलगी एका रविवारी म्हणाली, ‘बाबा, मला आजीचा चेहरा हातावर गोंदवून घ्यायचा आहे. अगदी हुबेहूब.’ आम्ही आता कुकटपल्लीच्या हाउसिंग बोर्ड वसाहतीत राहतो. इथे टॅटूची दुकाने रोज दिसतात. वाघ, महादेव, इंग्रजी अक्षरे असलेले हात बसथांब्यावर आणि मेट्रोत भेटतात. पण चेहरा ही निराळी गोष्ट. तुळशीचे एखादे पान तिरके गेले तरी ती तुळसच राहते. डोळा तांदळाच्या दाण्याएवढा सरकला तर माणूस बदलतो. माझ्या मुलीच्या हातावर जन्मभर कुणा भलत्याच बाईचा चेहरा वागवला जाईल, ही माझी धास्ती होती. माझ्या थोरल्या बहिणीची, अक्काची, हरकत वेगळी होती. ‘गेलेल्या माणसाला भिंतीवर जागा असते,’ ती म्हणाली. ‘त्या हाताने ही जेवणार, भांडी घासणार. आईला कुठे बसवते आहेस ते कळते का तुला?’ मुलगी एवढेच म्हणाली, ‘आजीने मला याच हाताला धरून शाळेत नेले, आत्या.’

मी तिच्याबरोबर त्या दुकानात गेलो तो शंका घेऊनच. तिथला तरुण तेलुगू चित्रकार पहिल्या भेटीत सुई हातात घेत नाही, हे पाहून थोडा सावरलो. मधुमेह आहे का, रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत का, कशाची ॲलर्जी आहे का, जुन्या जखमांचे व्रण फुगून वर येतात का, असे सारे त्याने आधी विचारले. मग तसबिरीचे छायाचित्र पाहून स्पष्ट नकार दिला. सपाट उजेड, त्यात पुसापुशी. यावरून चेहरा काढला तर बाहुली होईल, असे तो म्हणाला. हुबेहूब गोंदणाला सावली लागते. गालाचा उतार, पापणीखालची घडी, ओठांच्या कोपऱ्यातला अंधार नीट दिसेल असे, एका बाजूने उजेड आलेले छायाचित्र त्याला हवे होते. आकारही वीतभर तरी हवा, कारण वर्षांगणिक रेषा त्वचेत थोड्या पसरतात आणि लहान काढलेल्या डोळ्यांचे पुढे डाग होतात. ऊन रंगाचा वैरी. म्हणून जागा हाताच्या आतल्या बाजूची ठरली. आईचे तुळशीवृंदावन जिथे होते, तीच.

घरातले सारे अल्बम धुंडाळले. तसे छायाचित्र मिळेना. दोन दिवस गप्प असलेली अक्का तिसऱ्या दिवशी बरकतपुऱ्याहून आली आणि पिशवीतून एक लहानसे छायाचित्र काढून तिने मेजावर ठेवले. खिडकीपाशी मेथी निवडताना कुणी हाक मारली म्हणून आईने मान वर केलेली, डाव्या गालावर सकाळचे ऊन, आणि हनुवटीवर तो ठिपका. ‘काढायचाच असेल तर खरा चेहरा काढा,’ अक्का म्हणाली. एवढे बोलून ती चहा टाकायला आत गेली.

तयारीचा भाग मला एखाद्या व्रतासारखा वाटला. मुलगी नियमित रक्तदान करते. गोंदल्यावर आपल्याकडे वर्षभर रक्तदान करता येत नाही, म्हणून तिने महिनाभर आधीच रक्त देऊन घेतले. हात उन्हाने रापू नये म्हणून जपला, त्वचा कोरडी पडू दिली नाही, आदल्या रात्री पुरेशी झोप घेतली आणि सकाळी पोटभर जेवूनच निघाली. उपाशी पोटी बसणाऱ्यांना घेरी येते म्हणे. तिथे हातमोजे नवे, रंगाच्या वाट्या एकदाच वापरायच्या, सुयांचे बंद पाकीट आमच्यासमोर फोडले. यात्रेत एकाच सुया कितीजणींच्या हातांतून फिरत असतील, हा विचार तेव्हा मनात आलाच. काविळीचे आणि एड्सचे विषाणू अशाच सुईवरून पसरू शकतात. म्हणून हे पाकीट डोळ्यांदेखत फोडले जाणे ही शोभेची बाब नव्हे.

गोंदण्याच्या यंत्राची हकीकत माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसाला सुखावणारी आहे. एडिसनने १८७६ साली कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी विजेवर चालणारी, कागदाला भोके पाडणारी लेखणी केली. कचेरीत ती फार काळ टिकली नाही. पण १८९१ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली यांनी त्याच कल्पनेवरून गोंदण्याचे यंत्र करून त्याचे पेटंट घेतले. दस्तऐवजाच्या नकला करणारी लेखणी माणसाच्या कातडीवर आली ती अशी.

काम पाच तास चालले. जांभळ्या रेषांचा छापा आधी हातावर उमटवला. मग एकाच काळ्या रंगात कमी-अधिक पाणी घालून चार छटा केल्या. पांढरा रंग जवळजवळ नव्हताच. आईच्या गालावरचे ऊन दाखवायचे तिथे चित्रकाराने सुईच लावली नाही. मुलीची मूळ त्वचा तशीच सोडली. आजीच्या चेहऱ्यावरचा उजेड नातीच्या कातडीचा आहे, हे लक्षात आले तेव्हा मी थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो. ठिपका सर्वांत शेवटी आला. तो हिरवा करायचा का, असे मुलीने विचारले. चित्रकार म्हणाला, ‘काळाच ठेवतो. हिरवा तो आपला आपण होईल, वर्षे जाऊ द्या.’

पुढची निगा सुईपेक्षा कठीण, कारण ती आपल्याला करायची असते. पट्टी काढल्यावर कोमट पाणी आणि सौम्य साबण यांनी हात हलकेच धुवायचा, स्वच्छ कापडाने टिपायचा, मलमाचा अगदी पातळ थर द्यायचा. पोहणे बंद, ऊन बंद, घट्ट बाही बंद. अक्काने हळद-तेल आणले होते. ते बाजूला ठेवावे लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी कातडी सुटू लागली. आईचा चेहरा धुरकट झाला, एका डोळ्यावर खपली आली. मला धस्स झाले. चित्रकाराने आधीच बजावले होते, खपली ओढाल तर रंग घेऊन निघेल. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला तर मात्र थेट डॉक्टरांकडे जा, असेही तो म्हणाला होता. तशी वेळ आली नाही. खाज मात्र फार सुटली. तेव्हा रोज संध्याकाळी फोनवरून ‘नख लावू नकोस गं’ असे बजावणारी अक्काच होती. तीन आठवड्यांनी कातडी सावरली आणि आई पुन्हा स्पष्ट दिसू लागली, मेथी निवडता निवडता मान वर केलेली.

गोंदण टिकते कसे, याचे मला पूर्वीपासून कुतूहल होते. रंग एकदा त्वचेत गेला की दगडात कोरल्यासारखा बसतो, असा माझा समज होता. फ्रान्समधील मार्सेयच्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली उंदरांवरील प्रयोगांतून निराळेच दाखवले. त्वचेतल्या सफाई करणाऱ्या पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. त्या पेशी कायमच्या नसतात. त्या मरतात, कण मोकळे होतात, आणि शेजारी आलेल्या नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलतात. म्हणजे बाहेरून स्थिर दिसणारा ठिपका आत एका हातातून दुसऱ्या हातात जात असतो.

आपल्या घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. देगलूरची बोली काचीगुड्यात आली, काचीगुड्याची कुकटपल्लीत आली, आणि प्रत्येक वेळी धरणारे हात निराळे होते. माझ्या मुलीच्या मराठीत तेलुगू क्रियापदे शिरली आहेत, देवनागरी ती अडखळत वाचते. हातावर बोट ठेवून ती ‘आजीचा बोट्टु’ म्हणते, ‘आजीचे गोंदण’ म्हणत नाही. पूर्वी मी अशा वेळी शब्द सुधारून देत असे. आता देत नाही.

तो ठिपका अजून काळा आहे. हिरवा व्हायला वर्षे लागतील, आणि तोवर त्याला उन्हापासून जपावे लागेल. रोज सकाळी कामावर निघताना ती हातावर उन्हाचे मलम लावते. एखाद्या दिवशी घाईत विसरली, तर आत्याचा फोन येतो.