बॉल उचलायला कोण?

एकटीनं सर्व्हिसचा सराव करायचा म्हणजे निम्मा वेळ बॉल उचलण्यात जातो. टोपलीतले सत्तर-बहात्तर बॉल मारायला दहा-बारा मिनिटं पुरतात. मग ते पलीकडे पसरलेले: काही नेटमध्ये अडकून अलीकडेच, बरेचसे मागच्या कुंपणाला टेकलेले, एखाद-दुसरा शेजारच्या कोर्टावर. कोर्ट 23.77 मीटर लांब, शिवाय रेषेमागची मोकळी जागा. एक फेरी मारून आलं की खांदा थंड पडतो आणि नुकती जमायला लागलेली टॉस पुन्हा बिघडते.

बॉल फेकणारं यंत्र शंभर वर्षं जुनं आहे. फ्रान्सचा रने लाकोस्त, तोच तो मगरीच्या शर्टवाला, त्यानं 1920च्या दशकात स्वतःच्या सरावासाठी असं यंत्र केलं होतं. मग उचलणाऱ्या यंत्राला एवढा उशीर का झाला? फेकणाऱ्याला काही दिसावं लागत नाही. एका जागी उभं राहायचं आणि ठरल्या दिशेला बॉल सोडायचा. उचलणाऱ्याला मात्र बॉल कुठे आहे ते दिसायला हवं, नेटचा खांब आणि माझे पाय चुकवायला हवेत. गोल्फच्या सराव-मैदानावर रुळांची गाडी फिरवून चेंडू गोळा करतात, कारण तिथे मधे कोणी उभं नसतं. टेनिसचं तसं नाही. कॅमेरे आणि चित्रं ओळखणारी संगणकप्रणाली स्वस्त झाल्यावरच हे शक्य झालं. अलाबामातल्या ऑबर्नमध्ये हैथम एलतराबी यांनी ‘टेनिबॉट’ काढला, तो असाच.

माझा रोबो दुसऱ्या कंपनीचा. इथे न्यू जर्सीत ओळखीतल्या एकांनी घर बदलताना विकायला काढला, म्हणून घेतला. पुढे दोन फिरते रूळ, मागे बॉल साठवायचा डबा, वर कॅमेरा. फोनवर कोर्टाची हद्द आखून दिली की सुटतो. बॉल दिसला की किंचित वळतो, सरळ त्याच्यावर जातो, रूळ बॉलला ओढून घेतात आणि डब्यात ‘टप्’ होतं. टेनिसचा बॉल पिवळा झाला तो 1972मध्ये, रंगीत टीव्हीवर नीट दिसावा म्हणून. विम्बल्डनवाल्यांनी तर 1986पर्यंत पांढरा सोडला नाही. टीव्हीसाठी केलेली ती सोय आता या कॅमेऱ्यालाही उपयोगी पडत असणार. ऑक्टोबरात मात्र इथली पानंही पिवळी होतात. आमच्या कोर्टालगत मेपल आहेत. रोबो एकेका पानापाशी जाऊन थबकतो, आणि रुळात ओलं पान गुंडाळलं गेलं की मी टॉस अर्ध्यात सोडून ते उपटायला पळते.

या वर्षी आई सांगलीहून आली आहे. ती बाकावर शाल गुंडाळून बसते आणि रोबोवर लक्ष ठेवते. पहिल्या दिवशी तो एका कोपऱ्यात गोल गोल फिरायला लागला, तशी म्हणाली, “अगं, याला भोवळ आली बघ.” मग थोड्या वेळानं, “तुझ्या मामाच्या क्लबात पोरं होती बॉल उचलायला.”

होती खरी. सुट्टीत मामाकडे पुण्याला गेलं की मी ती बघायची. माझ्याच वयाची, जवळच्या वस्तीतली, अनवाणी. बॉल नेटला लागायच्या आत निघालेली असायची. कुठला बॉल कुठे जाणार हे त्यांना खेळणाऱ्यांच्या आधी कळायचं. मी बाहेर सरबत पीत बसायची. त्यांना महिन्याला काय मिळतं, हे आमच्यापैकी कोणी विचारल्याचं मला आठवत नाही. इथल्या सार्वजनिक कोर्टावर असं कोणी ठेवायची पद्धतच नाही. ज्याचे बॉल त्यानं उचलायचे. म्हणून तर रोबो घेतला.

त्याची चाल तशी संथ. टोपली घेऊन मी स्वतः फिरले तर निम्म्या वेळात काम होतं. पण मी दुसऱ्या टोपलीतून सर्व्हिस करत असते तेव्हा तो पहिल्या खेपेचे बॉल गोळा करत असतो, फायदा एवढाच, आणि माझ्या कमरेला तो पुरेसा आहे. बॉल फेकणारं यंत्र लावलं की मात्र याचा काही पाड लागत नाही. त्याला शिष्टाचारही नाही. शेजारच्या कोर्टावरचा बॉल आपल्याकडे आला तर आपण तो परत टाकतो. हा तोही गिळतो. एकदा एक गृहस्थ आपले तीन बॉल मागायला आले. डबा उघडून आम्ही दोघं शोधत बसलो. माझ्या बॉलवर मार्करनं ‘म’ काढलेला असतो, म्हणून सापडले. “हे कुठल्या भाषेतलं?” त्यांनी विचारलं, आणि पुढची दहा मिनिटं त्यातच गेली.

कुंपणाला अगदी चिकटलेले बॉल त्याला जमत नाहीत. जाळीला टेकतो, मागे येतो, पुन्हा टेकतो. ते काम आईनं घेतलं आहे. तारांची टोपली बॉलवर दाबली की तारा किंचित फाकतात आणि बॉल आत उडी मारतो. वाकावं लागत नाही. तिला ते आवडलंय. “हे तुमच्या यंत्रापेक्षा बरं,” म्हणते, आणि रोबो वाटेत आला तर त्याला टोपलीनंच बाजूला सारते. नोव्हेंबरात ती परत जाईल. मग ती कुंपणाची बाजू मलाच करावी लागेल.