चितेगावहून बँकॉकला

औरंगाबादहून पैठणकडे निघाले की बिडकीनच्या अलीकडे आमचे चितेगाव लागते. कारखान्यांचे गाव. माझ्या पतींनी येथील एका कारखान्यात एकोणीस वर्षे लाइनवर काम केले. कारखाना बंद पडला, तेव्हापासून ते शाळेची व्हॅन चालवतात आणि मी घरी शिवणकाम करते. अशा घरातून पाच माणसे परदेशात फिरायला निघाली म्हटल्यावर लोक बोलणारच. माझ्या दिरांनी तर तोंडावर विचारले, "वहिनी, घरावर अजून स्लॅब पडला नाही, अन् विमानात कशाला बसता?" प्रश्न चुकीचा नव्हता. आमच्या दोन खोल्यांवर आजही पत्रे आहेत.

याचे मूळ जानेवारी २०२३ मध्ये आहे. थायलंडचे ११० भिक्खू तथागतांच्या अस्थी घेऊन परभणीहून मुंबईच्या चैत्यभूमीकडे पायी निघाले होते. ती धम्म पदयात्रा आपल्या शहरात आली तेव्हा माझ्या सासूबाई वाडीतल्या बायांबरोबर दर्शनाला गेल्या. उन्हात दोन तास उभ्या राहिल्या. घरी आल्यावर पाणी पिता पिता म्हणाल्या, "लई लांबून आले गं ते लोक. त्यांचं गाव कसं असंल?" एवढेच. पण ते माझ्या मुलीने ऐकले. ती पुण्याला एका दवाखान्यात परिचारिका आहे. "आजी, तुला दाखवते," म्हणाली आणि पुढची पावणेदोन वर्षे पैसे साठवत राहिली. त्यात माझी भिशी घातली. नोव्हेंबर २०२४ मध्ये, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही निघालो.

पासपोर्टच्या कागदांत सासूबाईंची जन्मतारीख १ जानेवारी आहे. त्यांच्या पिढीतील निम्म्या माणसांची तीच असते, कारण शाळेत नाव घालायला नेले कोणी? त्या काळात भारतीयांना थायलंडचा व्हिसा लागत नव्हता, ही मोठी सोय झाली. रात्रीच्या रेल्वेने मुंबई आणि तेथून विमानाने साडेचार तासांच्या आत बँकॉक. चितेगावहून मुंबईला पोहोचायलाच याच्या दुप्पट वेळ लागला!

तेथील विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. थायी माणसाच्या तोंडी त्याचे 'सुवन्नफूम' होते. शहराला आपण बँकॉक म्हणतो, पण तेथील लोक म्हणतात क्रुंगथेप महानखोन. महानखोन म्हणजे महानगर. ग चा ख करायचा, ब-भ चा फ करायचा, शेवटची अक्षरे गिळायची, की पुष्कळ शब्द आपल्याच पालीचे-संस्कृतचे निघतात. जेवणाला ते 'आहान' म्हणतात, म्हणजे आहार. माझ्या दहावीतल्या मुलाला हा खेळच सापडला. दिसेल त्या माणसाला शब्द विचारीत सुटला.

शहर मात्र छाती दडपवणारे. १७८२ साली पहिल्या राम राजाने येथे राजधानी वसवली. आता रस्त्याच्या डोक्यावरून १९९९ पासून सुरू झालेली हवेतली रेल्वे धावते, तिच्या खाली मोटारींच्या रांगा, त्यांच्यामधून तीनचाकी टुकटुक आणि पदपथावर चुलीच चुली. या रेल्वेत म्हाताऱ्यांच्या व गरोदर बायांच्या राखीव जागांवर भिक्खूंचेही चित्र असते. यांनी ते चित्र बराच वेळ पाहिले. आपल्याकडे एसटीत आमदार-खासदारांची राखीव जागा असते, ती त्यांना आठवली असणार.

खाण्याची धास्ती होती म्हणून मी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा बांधून नेला होता. दुसऱ्याच दिवशी एका गाडीवर एक बाई मातीच्या उखळात लाकडी मुसळाने काहीतरी कुटत होती. कच्च्या पपईचा कीस, मिरच्या, शेंगदाणे, लिंबू. त्याला 'सोम ताम' म्हणतात. सुकट टाकू नको, असे मुलीने खुणेने सांगितले. सासूबाईंनी एक घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आले, आणि म्हणाल्या, "मिरची चांगली हाय." मग त्यांनी स्वतःचा ठेचा त्या बाईला चाखवला. ती बाई खो खो हसली आणि शेजारच्या गाडीवालीला बोलावून तिलाही चाखवला.

वाट फो हे मोठे विहार आम्ही सकाळी पाहिले. विहाराला तेथे 'वाट' म्हणतात. आत तथागतांची पहुडलेली मूर्ती ४६ मीटर लांब आणि १५ मीटर उंच आहे, सगळी सोन्याने मढवलेली. तळपायांवर शिंपल्यांच्या तुकड्यांत १०८ मंगल चिन्हे जडवलेली आहेत. मागच्या बाजूला १०८ पितळी भांडी ओळीने ठेवलेली असून लोक एकेकात नाणे टाकत जातात आणि त्याचा किणकिणाट चालू राहतो. डोळे दिपतात, खोटे कशाला बोलू. तरी मला आपल्या अजिंठ्याच्या २६ व्या लेण्यातली महापरिनिर्वाणाची मूर्ती अधिक भिडते. ती जेमतेम ७ मीटर आहे, पण तिच्या पायथ्याशी शोक करणारी माणसे कोरली आहेत. अजिंठा आमच्याच जिल्ह्यात असून आमच्या वाडीतल्या किती जणांनी पाहिला आहे, हे मी येथे लिहीत नाही.

त्याच दुपारी आमचा जीव टांगणीला लागला. चाओ फ्राया नदीतून प्रवासी बोटी एसटीसारख्या धावतात. धक्क्याला लागतात न लागतात तोच शिट्टी होते आणि निघतात. ता तिएनच्या धक्क्यावर मोठी गर्दी. सासूबाई पुढे होत्या, कोणीतरी हात देऊन त्यांना आत घेतले, शिट्टी झाली आणि बोट सुटली. आम्ही चौघे काठावर! मुलगा ओरडला, हे धावले, पण मध्ये पाणी. सासूबाईंकडे ना फोन, ना भाषा. पिशवीत हॉटेलचे नाव थायी भाषेत लिहिलेले कार्ड तेवढे मुलीने घातले होते. पुढची बोट येईपर्यंत मुलगी सारखी म्हणत होती, "माझ्यामुळे झालं, मीच आणलं तिला." मला तिची समजूत घालायला शब्द सापडेनात, कारण माझ्याही मनात दिरांचा प्रश्न घुमत होता.

पुढच्या ता चांगच्या धक्क्यावर सासूबाई बाकावर बसलेल्या दिसल्या. हातात पाण्याची बाटली. शेजारी एक माणूस त्यांचे कार्ड घेऊन उभा. बोटीतल्या तिकीटवालीने, तिच्या हातात पत्र्याची लांब नळी असते व ती खडखड वाजवते, त्यांना तेथे उतरवून धक्क्यावरच्या माणसाच्या हवाली केले होते. "घाबरलात का आत्याबाई?" मी विचारले. "घाबरले की. पण ती मला माय म्हणत व्हती." थायी भाषेत आईला 'मॅ' म्हणतात, असे मुलीने समजावले. सासूबाईंनी ते मानले नाही. माय म्हणाली म्हणजे म्हणाली.

सगळेच मनाला पटले असे नाही. राजप्रसोंग नावाच्या गजबजलेल्या चौकात चार तोंडांच्या ब्रह्मदेवाचे देवस्थान आहे. ते १९५६ साली उभारले. १९५६! माणसे हार घालतात, नवस बोलतात, नाचणाऱ्या मुलींना पैसे देऊन नाच करवतात. राजवाड्याच्या विहाराभोवतीच्या भिंतींवर रामायण रंगवले आहे आणि राजे स्वतःला राम पहिला, राम दुसरा असे म्हणवतात, सध्याचे दहावे. इमारतींच्या दाराशी भुताखेतांसाठी छोटी घरे असतात, त्यांच्यापुढे लाल सरबताच्या बाटल्या. मुलाने विचारले, "मम्मी, मग आपली पहिली प्रतिज्ञा?" त्याची बहीण म्हणाली, "ती बाबासाहेबांनी आपल्याला दिली रे. यांना कोणी दिली?" उत्तर ठीक होते. पण मला ते खटकले आणि अजूनही खटकते. बुद्धाचा देश म्हणजे बाबासाहेबांच्या धम्माचा देश, असे मनात धरून जाऊ नये, एवढे मी इतर भगिनींना सांगेन.

यांना सर्वांत आवडले ते चिनी वस्तीतले वाट त्राइमित. तेथील सुमारे ३ मीटर उंचीची आणि साडेपाच टनांची बुद्धमूर्ती चुन्याची म्हणूनच ओळखली जात होती. १९५५ साली ती नव्या जागी उचलून नेताना दोर तुटला, मूर्ती पडली, चुना फुटला आणि आत सोने दिसले. लोक हात जोडून ऐकत होते आणि हे विचारीत होते, "साडेपाच टनाला दोर केवढा लावला होता?" कारखान्यात माल उचलायला उभे राहिलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार! जवळच साम्पेंगची गल्ली आहे. बटणे, लेस, चेन, अस्तर यांचा तो सागर पाहून मी मात्र भान हरपले. तीन किलो लेस आणली. ती ब्लाउजांना लावून विकते आहे.

शेवटच्या दिवशी अष्टमी होती. आमच्या हॉटेलमागच्या बोळात वस्तीतले एक साधे विहार होते, पर्यटक तेथे येत नव्हते. संध्याकाळी पांढऱ्या कपड्यांतल्या बाया आत जाताना दिसल्या म्हणून आम्हीही गेलो. चपला काढल्या. सासूबाई पुढे होत्या. तेथील दारांना गुडघ्याच्या खाली पोहोचेल असा उंच उंबरा असतो, आणि उंबऱ्यावर पाय देणे ते वाईट समजतात. सासूबाईंनी चढण्यासाठी उंबऱ्यावर पाय ठेवला मात्र, आतल्या एका बाईने पटकन हात वर करून नको नको अशी खूण केली.

सासूबाई मागे सरल्या. काही बोलल्या नाहीत. चपलांपाशी जाऊन भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, पदर डोक्यावर घेतला. त्यांच्या लहानपणी, पैठण तालुक्यातल्या त्यांच्या माहेरी, आमच्या माणसांनी विहिरीपासून दूर थांबायचे आणि कोणी वरून ओतील तेवढे पाणी घ्यायचे. हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितले होते. तशाच त्या उभ्या होत्या. माझ्या पोटात कालवले. मुलगी काही समजावू लागली, तर "राहू दे, मी हितंच बरी," म्हणाल्या.

तोवर ती बाई बाहेर आली. साठीची असेल. तिने सासूबाईंचा कोपर धरला, उंबऱ्यापाशी आणले, स्वतःचा पाय उचलून पलीकडे टाकून दाखवला, पुन्हा अलीकडे येऊन पुन्हा दाखवला. मग उंबऱ्याला हात लावून मान हलवली. यावर नाही, यावरून. सासूबाईंनी तिच्या खांद्याचा आधार घेऊन पाय उचलला आणि आत गेल्या. ती त्यांना आपल्या शेजारीच घेऊन बसली.

भिक्खूंनी वंदना सुरू केली. आधी काही कळेना. मग त्या फ आणि ख मधून ओळखीचे स्वर वर आले. नमो तस्स, मग त्रिसरण, मग पंचशील. सासूबाईंनी डोळे मिटले आणि आमच्या चितेगावच्या विहारात म्हणतात तसे, तशाच खणखणीत आवाजात म्हणू लागल्या. दोन-तीन माना वळल्या. शेजारच्या बाईने आपले वंदनेचे पुस्तक सरकवून दोघींच्या मध्ये धरले. सासूबाईंना मराठीदेखील वाचता येत नाही. त्यांनी पुस्तकाची एक बाजू धरली आणि शेवटपर्यंत सोडली नाही.

रात्री सामान बांधताना त्या मला म्हणाल्या, "मला वाटलं, आत येऊ नको म्हणती." मी लेस पिशवीत कोंबत राहिले.

घरावर पत्रे तसेच आहेत. उन्हाळ्यात तापले तेव्हा स्लॅबची आठवण आलीच. परवा दीर पुन्हा आले होते. सासूबाईंनी त्यांना बोटीची गोष्ट सांगितली, मिरचीची सांगितली. उंबऱ्याची सांगितली नाही. दिरांनी चहा घेतला आणि निघताना माझ्या मुलीला हळूच विचारले, "माणशी तिकीट किती पडलं होतं गं?"