सावंतवाडीला येतेस का?

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "एवढं ऊन डोक्यावर घेऊन सावंतवाडीला जाता, तिथं करता तरी काय रे?" मी जेवलीस का वगैरे विचारून वेळ मारून नेली. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्याच्या पोटात तुझ्याकडे एक मागणी आहे. चारचौघांत लिहितोय, कारण ती तुझ्या सुनेनंही वाचावी.

तर, तिथं जाऊन आम्ही काहीही करत नाही. मोती तलावाच्या काठी सावली बघून गाड्या लावतो आणि उभे राहतो. ना बॅनर, ना अध्यक्ष, ना टी-शर्ट. कोल्हापूर, बेळगाव, रत्नागिरी आणि गोव्याकडून जुन्या जावा-येझदी मोटारसायकली घेऊन लोक येतात, दुसऱ्याच्या गाडीपाशी उकिडवे बसतात, चहा पितात आणि उन्हं कलायच्या आत परततात. आमच्या हिला हे अजून पटलेलं नाही.

पण जाणं मात्र बघण्यासारखं असतं. शिमग्यानंतरचा रविवार. उजाडल्याशिवाय मी निघत नाही, कारण कारखान्यांचा हंगाम सरत आला तरी उसाच्या ट्रॉल्या हायवेवर असतातच, मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि आपला सहा व्होल्टचा दिवा म्हणजे असून नसल्यासारखा. कागल, निपाणी मागे पडलं की संकेश्वरला मिरचीचा खाट नाकात बसतो. हेल्मेटच्या आत शिंकणं ही वेगळीच शिक्षा. तिथून हायवे सोडायचा. पुढे गडहिंग्लज, आजरा, आंबोली असा रस्ता हिरण्यकेशीच्या उलट दिशेनं चढत जातो. नदी आंबोलीला उगमून संकेश्वरकडे येते, आपण तिच्या उगमाकडे निघालेलो.

या दिवसांत झाडांची पानं झडलेली आणि फुलं मात्र पेटलेली. पळस, पांगारा, मध्येच एखादी निष्पर्ण सावर. आजऱ्याच्या पुढे काजूच्या मोहराचा वास सुरू होतो आणि आंबोलीच्या जवळ अंजनीच्या फांद्या निळ्याजांभळ्या फुलांनी गच्च भरलेल्या दिसतात. पन्नास-पंचावन्नच्या वेगानं जाणाऱ्या माणसालाच हे दिसतं. त्याहून जास्त वेगानं जायची आपल्या गाडीचीही इच्छा नसते आणि माझीही.

आंबोलीचा घाट उतरताना बाबांची शिकवण आठवली. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलमधूनच मिळतं. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून नुसती गिअरवर गाडी सोडली, तर पेट्रोल जात नाही, म्हणजे ऑइलही जात नाही, आणि इंजिन मात्र जोरात फिरत राहतं. पिस्टन धरलाच म्हणून समज. म्हणून दर थोड्या अंतरानं क्लच दाबून एक घोट द्यायचा. मागून येणाऱ्या कारवाल्याला वाटतं, हा म्हातारा उगाच रेस करतोय. वाटू दे.

घाट उतरल्यावर दाणोलीच्या अलीकडे पोरांनी रस्त्यात दोरी धरली होती. शिमग्याचं पोस्त. मी खिशात हात घातला तर त्यातला एक म्हणाला, "काका, पैसे ऱ्हवांदे, एकदा मोठ्यान वाजवून दाखवा." वाजवून दाखवली. पैसेही घेतलेच त्यांनी.

आता उभं राहून काय होतं ते सांगतो. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून १९६१ पासून या गाड्या निघत होत्या, आधी जावा नावानं, मग सत्तरच्या दशकात येझदी नावानं. १९९६ साली कारखाना बंद पडला. त्याला आता तीन दशकं होत आली. म्हणजे आपल्या गाडीला ना कंपनी, ना सर्व्हिस सेंटर, ना वॉरंटी. जे काही आहे ते माणसांच्या हातात आणि कानात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातला एक टर्नर घरी बनवलेले बुश डब्यात घालून आणतो, वर पैसे घेताना लाजतो. म्हापशाचा एक जुना पायलट येतो, आयुष्यभर मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडी वाहिलेला माणूस. तो गाडीकडे बघतही नाही. चहा पीत पाठमोरा उभा राहतो आणि म्हणतो, क्रँकचं ऑइल सील गेलंय. गिअरबॉक्सचं ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि पांढरा धूर लांबत जातो, हे पुस्तकात मिळेल. पण हा धुराच्या वासावरून सांगतो.

नव्या जावा घेऊन तरुण पोरंही येतात. २०१८ नंतरच्या. फोर-स्ट्रोक, पाण्यानं थंड होणाऱ्या, बटणावर सुरू. आमच्यातले काही त्यांना नाकं मुरडतात, ते मला आवडत नाही. याच पोरांना आपल्या गाडीचा किकच आत दाबून फिरवला की गिअरचा दांडा होतो हे दाखवलं, तर ती खाली बसून बघतात. क्लच न दाबता गिअर टाकून दाखवला तेव्हा तर एकानं व्हिडिओच काढला. शिकणारे आहेत, शिकवणारे कमी होत चाललेत. जिचे कारखाने बंद पडले ती विद्या अशीच कुठेतरी सावलीत उभं राहून टिकते. मला वाटतं, मेळाव्याचं काम एवढंच आहे, आणि ते लहान नाही.

मात्र एक गोष्ट खटकते. तिथं गोष्टी निघतात त्या सगळ्या कुणाच्या तरी वडिलांच्या, काकांच्या, मामांच्या. ऐकणाऱ्याला वाटावं, या देशात बायकांनी येझदीवर फक्त मागे, एका बाजूला पाय सोडूनच बसायचं ठरलेलं होतं. यंदा डिचोलीहून एक बाई स्वतःची जावा चालवत आल्या. पन्नाशीच्या असतील. गाडी स्टँडवर लावेपर्यंत जो येईल तो त्यांना विचारत होता, "मिस्टर मागून येतायत का?" त्यांनी शेवटी उत्तर देणं सोडलं आणि टूलबॉक्स उघडून बसल्या. मी बोललो काही नाही, पण मला तू दिसत होतीस.

कारण आपल्या घरात येझदी बाबांची होती, पण तिची नस तुला सापडलेली होती. कार्ब्युरेटरचा टिकलर किती वेळ दाबायचा, पेट्रोल ओघळायच्या आधी बोट कसं उचलायचं, हे मला तू शिकवलंस. पॉइंटचा गॅप ०.४ मिलिमीटर हवा आणि फिलर गेज शेजाऱ्यांनी नेलेला, तर तू बाबांच्या दाढीची चार पाती एकावर एक धरून गॅप बसवलास. पाती परत ठेवलीस तेव्हा बाबा दाढीला बसले होते, पुढचं तुला माहीत आहे. कॉलेजला जाताना गल्लीतल्या बायका दारात यायच्या, आई कानकोंडी व्हायची आणि बाबा उगाचच पेपर वाचायचे. मग लग्न झालं, ठाणं आलं, आणि तू गाडीचं नाव काढणं सोडलंस. भावजी चांगले आहेत, त्यांना दोष नाही. कुणी मना केलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून आता विचारतो. पुढच्या शिमग्याला ये. आदल्या रात्री कोल्हापूरला मुक्काम कर. गुडघ्याचं मला माहीत आहे. किक मी मारीन, नाहीतर उतारावर लावून ढकलून सुरू करू. क्लच प्लेटा बदलून घेतोय, केबली नव्या टाकतोय, पेट्रोलमध्ये लिटरला चाळीस मिली ऑइल घालतो, ते तुला कमी वाटत असेल तर सांग. पॉइंटना मात्र हात लावलेला नाही. ते तू येऊन बघ.

सुनेला घेऊन आलीस तर दुसऱ्या गाडीची सोय करतो, तिला शिकायचं असेल तर आजऱ्यापुढचा रस्ता मोकळा असतो. घाटात चालवणार तू. मी मागे बसेन आणि ब्रेकबद्दल चकार शब्द काढणार नाही, हे इथं सगळ्यांसमोर लिहून देतो.

नुसता अंगठा पाठवू नकोस. रजा कधी टाकतेस ते कळव.

तुझा धाकटा