भिंत वाळू द्या

आमच्या छत्रपती संभाजीनगरात घरात पाणी साचतं ते बहुतेक वेळा नळाचंच. जायकवाडीचं पाणी पैठणहून येतं आणि नळाला कित्येक दिवसांआड मिळतं. वेळेचा भरवसा नसल्याने लोक कोरडी तोटी उघडी ठेवून झोपतात. रात्री कधीतरी पाणी येतं, पिंप भरून वाहतं, आणि सकाळी उंबऱ्यापर्यंत सगळं ओलं.

मी गिलाव्याचं काम करतो. अशा घरी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला: रंग कधी देता?

रंग फार पुढची गोष्ट. आधी मेन स्विच बंद, तोही कोरड्यात उभं राहून. पाण्यातून जावं लागत असेल तर वायरमन येईपर्यंत थांबा. मग पाणी बाहेर, गाद्या उन्हात, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे. कपाटामागे वारा लागत नाही, तिथे दोन दिवसांत बुरशी धरते.

फरशी लवकर सुकते, त्यावरून माणूस फसतो. वीट पाणी ओढून घेते आणि ओल भिंतीत वर चढते. मी बोटाने भिंत वाजवत जातो. पोकळ आवाज आला तिथे गिलावा विटेपासून सुटलेला असतो, तेवढाच फोडायचा. पांढरा खार उमलला असेल तर कोरड्या ब्रशने झाडायचा; पाण्याने धुतला तर तो विरघळून पुन्हा आत मुरतो. मग प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी भिंतीला चिकटवून दिवसभर ठेवायचा. आतल्या बाजूला थेंब दिसले तर भिंत अजून ओली आहे. पावसाळ्यात वाळायला महिनाही कमी पडतो.

ओल्या भिंतीवर पुट्टी आणि ऑइल पेंट चढवणं मला बघवत नाही. पाणी आत कोंडतं, पोपडे निघतात, कष्टाचा पैसा वाया जातो. जुन्या वाड्यांत तर चुन्याच्या गिलाव्यावर सिमेंट थापतात. चुना वाफ बाहेर सोडतो, सिमेंट तेवढी सोडत नाही, मग ओल आणखी वर सरकते. चुना किती टिकतो ते आमच्या शहरातल्या बीबी का मकबऱ्यात बघा. त्याचा संगमरवर मुख्यतः खालच्या पट्ट्यात आणि घुमटाला आहे. बाकी बरंचसं काम चुन्याच्या गिलाव्याचं, सतराव्या शतकातलं. चुन्याची भिंत चुन्यानेच दुरुस्त करावी, याबाबत मी ऐकून घेत नाही.

दिवाळी तोंडावर असली तरी तेवढी भिंत यंदा बिनरंगाची राहू द्या. खिडक्या उघड्या ठेवा, हौदाला आणि टाकीला बॉलकॉक बसवून घ्या, आणि झोपण्याआधी घरातल्या सगळ्या तोट्या बंद करा.