उजेडात धरलेलं बोट

आमच्या लहानपणी नखाचं दुखणं डॉक्टरकडे न्यायचं नसे. ते आजीकडे जायचं. रत्नागिरीकडच्या आमच्या घरात कुणाला नखुरडं झालं की आजी परसातलं लिंबू तोडून आणायची, त्याला एका बाजूने भोक पाडायची, ठणकणारं बोट त्यात घालून वरून चिंधी बांधायची. सकाळी पू फुटला असला तर गुण लिंबाचा. नसला फुटला तर कणीक आणि हळदीचं गरम पोटीस. त्वचारोगांची डॉक्टर झाल्यावर मला कळलं की वर आलेला पू लिंबाशिवायही फुटतो, आणि खोल गेलेला पू लिंबाला दाद देत नाही. गावात वाकडी, आखडलेली बोटं असलेली माणसं होती. त्यांना आम्ही तशीच पाहत आलो होतो. नखुरडं चिघळून हाडापर्यंत गेलं होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणाला ठाऊकच नव्हतं.

आषाढात लावणी सुरू झाली की बायकांच्या पायांच्या बेचक्यांत चिखल्या व्हायच्या आणि हाताच्या नखांची मुळं सुजायची, माझ्या आईचीही. रात्री जेवणं उरकली की चुलीपाशी बसून त्या तेल-हळद लावत, मेंदीचा पाला वाटून बेचक्यांत भरत. सकाळी पुन्हा चिखलात. याला आजार म्हणायची पद्धत नव्हती, पावसाबरोबर येणारी ती एक गोष्ट होती.

नखं कापायला न्हावी घरी यायचा. पडवीत बसकण मारून तो आजोबांचे पाय आधी कोमट पाण्यात भिजवायला लावायचा आणि मग नराणीने अंगठ्याचं जाडजूड पिवळं नख थराथराने उतरवायचा. शनिवारी नाही, दिवेलागणीनंतर नाही. कंदिलाच्या उजेडात नराणी चालवायची नाही यात मला अजूनही शहाणपण दिसतं. गावातल्या प्रत्येकाचे पाय त्याच्या ओळखीचे होते. कुणाचं नख रुततंय, कुणाच्या टाचेला भेग आहे, कुणाच्या अंगठ्याला काही टोचलं तरी कळत नाही, हे तो सहज बोलून जायचा. त्या शेवटच्या माणसाला मधुमेह असावा हे मला आज समजतं.

आणि बगळे. संध्याकाळी बगळ्यांची माळ आभाळातून जाऊ लागली की आम्ही मुलं अंगणात धावत सुटायचो आणि दोन्ही हातांची नखं एकमेकांवर घासत त्यांच्याकडे फुलं मागायचो. दुसऱ्या दिवशी नखावर पांढरा ठिपका दिसला की बगळ्याने दिलेलं फूल म्हणून मिरवायचो. पुढे शाळेत कुणी सांगितलं की ते कॅल्शियम कमी असल्याचं लक्षण. तेही खरं नाही. नखाच्या मुळाशी, कातडीखाली जिथे नख तयार होतं, तिथे काही आठवड्यांपूर्वी बारीकसा मार लागलेला असतो. तेवढ्या जागी नखाच्या पेशी नीट पक्व होत नाहीत आणि उजेड विखुरल्याने तो ठिपका पांढरा दिसतो. नख वाढतं तसा तो पुढे सरकतो आणि एक दिवस कापला जातो. हे कारण कळल्यावर बगळ्यांचं आकर्षण कमी झालं नाही, नखाचं मात्र वाढलं.

मी शिकायला मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात आले तेव्हा आमच्या विभागाला सगळे ‘स्किन-व्हीडी’, म्हणजे त्वचा आणि गुप्तरोग, म्हणत. लांबलचक बाकं, त्यावर खेटून बसलेली माणसं, जेन्शन व्हायोलेटने जांभळी झालेली बोटं, व्हिटफील्डच्या मलमाचा आणि स्पिरिटच्या दिव्याचा मिसळलेला वास. आमचे सर रुग्णाला नाव विचारायच्या आधी त्याचा हात हातात घेत आणि त्याला खिडकीपाशी नेत. नख समोरून पाहायचं, मग बाजूने, मग दाबून. दोन्ही हातांची तीच बोटं नखाला नख लावून उजेडापुढे धरायची. निरोगी माणसाच्या दोन नखांमध्ये एक छोटीशी शंकरपाळ्याच्या आकाराची फट दिसते. नखं फुगीर झाली असतील तर ती फट बुजते, आणि मग फुप्फुसात किंवा हृदयात काय चाललंय ते शोधायचं. ही खूण दक्षिण आफ्रिकेतले हृदयरोगतज्ज्ञ लिओ शामरोथ यांनी १९७६ मध्ये नोंदवली, तीही स्वतःच्याच बोटांवरून. हृदयाच्या झडपांना संसर्ग होऊन ते आजारी पडले होते, तेव्हा फट नाहीशी झाली आणि बरे होत गेले तशी परत आली. फुगलेल्या बोटांचं वर्णन हिपोक्रॅटिसच्या काळापासून आहे. ते ओळखायची ही सोपी रीत मात्र एका आजारी डॉक्टरने आपले हात निरखून दिली.

नखाच्या विज्ञानात असं निरखणं फार आहे, म्हणूनच ते मला प्रिय आहे. १८४६ मध्ये बो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने मोठ्या तापानंतर नखांवर उमटणाऱ्या आडव्या खाचेबद्दल लिहिलं. आजारात नखाची वाढ थबकते, आजार ओसरल्यावर पुन्हा सुरू होते, आणि मधली ती खाच नखाबरोबर पुढे जात राहते. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. खाच मुळापासून ६ मिलिमीटरवर असेल तर सर विचारत, ‘दोनेक महिन्यांपूर्वी काय झालं होतं?’ आणि बाकावरचा माणूस थक्क होऊन सांगे, टायफॉइड झाला होता. आता त्या जागी डेंग्यू असतो, केमोथेरपी असते. कोविडनंतरच्या महिन्यांत तर अशी नखं मी खूप पाहिली.

हा ३ मिलिमीटरचा हिशेब पक्का करणाऱ्यांमध्ये अमेरिकेतले विल्यम बीन हे डॉक्टर होते. १९४१ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी डाव्या अंगठ्याच्या नखावर अगदी मुळाशी कानशीने एक बारीक रेघ केली आणि ती टोकाला पोहोचायला किती दिवस लागतात ते लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात पुन्हा रेघ. हे त्यांनी ३५ वर्षं केलं. सुरुवातीला नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होतं, सदुसष्टाव्या वर्षी ०.०९५. १९८० मध्ये हा निबंध छापून आला. एक कानस, एक वही आणि स्वतःचा अंगठा एवढ्यावर माणसाच्या म्हातारपणाचा वेग मोजला गेला. विद्यार्थ्यांना मी हा निबंध नेहमी वाचायला देत आले.

पण निदान करता येणं वेगळं आणि बरं करता येणं वेगळं. त्या काळच्या उपचारांची आठवण काढताना मला हळहळ वाटत नाही. नखाच्या बुरशीवर आमच्याकडे ग्रिसिओफल्विन होतं. १९३९ मध्ये लंडनमध्ये ते एका बुरशीतूनच वेगळं काढलं गेलं आणि जवळजवळ वीस वर्षं त्याचा माणसांसाठी उपयोग झाला नाही. १९५८ मध्ये ग्लासगोच्या जेंटल्स यांनी गिनीपिगांना ते पोटातून देऊन नायटा बरा केला, तेव्हा दार उघडलं. त्याआधी नखाच्या बुरशीवर मलमं होती, क्ष-किरण होते आणि चिमटा होता. ग्रिसिओफल्विन फक्त नव्या वाढणाऱ्या नखाला बुरशीपासून जपतं, जुनं खराब नख पुढे सरकून कापलं जाईपर्यंत थांबावं लागतं. पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष लागे. गोळी स्निग्ध जेवणाबरोबर जास्त शोषली जाते म्हणून आम्ही ‘साय खा, दूध प्या’ असं सांगायचो आणि समोरच्या गिरणी कामगाराच्या चेहऱ्यावर प्रश्न उमटायचा: रोज साय कुठून? बहुतेक जण मध्येच औषध सोडत. जे नेमाने घेत, त्यांच्यातही पायाची नखं पुरती सुधारलेली फार थोडी.

म्हणून नख काढलं जायचं. बोटाच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी भुलीचं इंजेक्शन (तेच सगळ्यात दुखे), मग नखाखाली चपटं अवजार सरकवून नख सोडवायचं, चिमट्यात धरून ओढायचं, व्हॅसलीन लावलेली जाळी ठेवून पट्टी बांधायची. माणूस लंगडत घरी. कैक महिन्यांनी नवं नख यायचं आणि त्याच्याबरोबर कित्येकदा तीच बुरशी. रुतलेल्या नखाचंही तसंच. अख्खं नख काढलं तरी ते परत येताना त्याच कोपऱ्यात रुतायचं. आता नखाची तेवढीच कडेची पट्टी काढतात आणि तिच्या मुळाला फिनॉल लावतात, म्हणजे ती पट्टी पुन्हा उगवत नाही. ही युक्ती १९४५ पासून माहीत होती. सगळीकडे रुजायला काही दशकं गेली आणि तेवढ्या काळात किती अंगठे विनाकारण सोलले गेले असतील याचा विचार मला बोचतो.

ऐंशीच्या दशकात केटोकोनॅझोल आलं तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. पण त्याने काहींच्या यकृताला गंभीर इजा झाली, आणि २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नखांच्या बुरशीसाठी त्याच्या गोळ्या वापरू नयेत असंच सांगितलं. खरा बदल टर्बिनाफिनने केला. हे औषध नखात खालून झिरपतं आणि गोळ्या थांबल्यावरही कित्येक महिने तिथे टिकून राहतं. हाताच्या नखांना ६ आठवडे, पायाच्या नखांना १२. दीड वर्षाच्या जागी तीन महिने! पहिल्यांदा एका शिक्षिकेचं अंगठ्याचं नख मुळापासून स्वच्छ, गुलाबी वर येताना पाहिलं तेव्हा आम्ही दोघींनी ते पुन्हा पुन्हा उजेडात धरून पाहिलं. वर्षानुवर्षं त्या बंद चपलाच घालत होत्या.

निदानही पालटलं. तेव्हा नखाची कात्रणं पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये भिजत ठेवायची, कधी रात्रभर, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे शोधत बसायचं. कल्चरच्या नळ्या कापसाचे बोळे लावून तीन-चार आठवडे ठेवायच्या आणि खरोखर बुरशी असूनही पुष्कळदा त्यात काही उगवायचं नाही. आता कात्रण विशेष रंग देऊन पॅथॉलॉजिस्टकडे जातं, बुरशीची जनुकं तपासता येतात, आणि डर्मोस्कोपमध्ये नखाखालच्या केशवाहिन्यासुद्धा दिसतात. खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्यांतच बुरशी असते. उरलेल्यांत सोरायसिस, लायकेन प्लेनस, जुना मार, चुकीची चप्पल. तपासल्याशिवाय गोळ्या सुरू करायला आता खरोखर कारण उरलेलं नाही, तरी त्या सुरू होतात.

सगळ्यात मोठा बदल मला गावाकडच्या त्या सुजलेल्या नखमुळांच्या बाबतीत वाटतो. भांडी, धुणी, चिखल यांत हात असणाऱ्या बायकांचं हे दुखणं कँडिडा नावाच्या बुरशीचं, असं पुस्तकात होतं आणि त्यावर बुरशीची औषधं दिली जायची. २००२ मध्ये इटलीतल्या तोस्ती आणि सहकाऱ्यांनी दोन्ही उपचार शेजारी ठेवून तपासले, तर बुरशीच्या गोळ्यांपेक्षा साध्या स्टेरॉइड मलमाचा गुण जास्त. मूळ कारण पाणी आणि साबण. पाणी-साबणाने नखामागची कातडीची झालर तुटते आणि मग काहीही आत शिरतं, बुरशी मागाहून येते. म्हणजे माझ्या आईचं दुखणं तिच्या कामातून आलं होतं. त्यावरचा इलाज, हात कोरडे ठेवणं, आमच्या घरात तिला कुणी देऊ शकलं नसतं.

आज दवाखान्यात येणारी नखं वेगळी आहेत. जेल पॉलिश खरवडून पातळ झालेली, कृत्रिम नखांच्या चिकट द्रव्याची ॲलर्जी आलेली. कित्येकींच्या पर्समध्ये बायोटिनच्या गोळ्या असतात. निरोगी माणसाच्या नखांना त्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही, उलट रक्ताच्या काही तपासण्या त्याने चुकतात. त्यात हृदयविकाराच्या झटक्यासाठी करतात ती ट्रोपोनिनची तपासणीही आली. चमच्यासारखी खोलगट नखं मात्र अजून येतात. लोह कमी पडलं की नखाचा असा खळगा होतो, त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर ओघळत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हे नख मी शिकत असताना जितकं दिसायचं, तितकं आज दिसायला नको होतं.

आणि पाहणं कमी झालंय. रुग्ण मोबाइलवर फोटो दाखवतात, मोजे काढायला संकोचतात, नखांवर रंग असतो. डॉक्टरपुढे रांग असते. एखाद्या मोठ्या माणसाच्या एकाच नखात तपकिरी उभा पट्टा आला, तो रुंद होऊ लागला, रंग मागच्या कातडीत उतरला, तर त्याचा तुकडा तपासायलाच हवा, कारण तो मेलॅनोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग, असू शकतो. हचिन्सन नावाच्या डॉक्टरांनी हे १८८६ मध्ये लिहून ठेवलंय. आपल्या वर्णाच्या माणसांत अनेक नखांवर निरुपद्रवी पट्टे असतात, म्हणून तो एक वेगळा पट्टा नजरेतून सुटतो.

२०२५ च्या सुरुवातीला बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केस गळू लागल्याने घाबरली. काही महिन्यांनी त्याच भागात लोकांची नखं विद्रूप होऊन गळू लागली. आधी विहिरीच्या पाण्यावर संशय गेला, बुरशीवर गेला. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्ताच्या, लघवीच्या आणि केसांच्या नमुन्यांत सेलेनियम वाढल्याचं दाखवलं आणि रेशनच्या गव्हाकडे बोट केलं. चीनमधल्या एन्शी भागात साठच्या दशकात सेलेनियमने असेच केस आणि नखं गळाली होती. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलामुलींपैकी कुणी अशा गावात जाणार असेल तर माझं सांगणं आहे, नमुने प्रयोगशाळेकडे पाठवाच, पण पट्टी जवळ ठेवा. प्रत्येकाचं अंगठ्याचं नख दिवसाउजेडी धरून मुळापासून खाचेपर्यंतचं अंतर मोजून वहीत लिहा, त्यावरून विष अंगात कधी गेलं ते काढता येईल. महिन्याने पुन्हा जाऊन त्याच नखाचं माप घ्या.