चार पुतळे आणि एक घर

सोलापुरातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना तिकीट नाही, वेळ नाही, कुलूपही नाही. रिक्षातून जाता जाता दर्शन होतं. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. नुसती नावं वाचली तरी सोलापूरची वस्ती कळते. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांनाही फाशी दिलं. त्याआधी, मे १९३० मध्ये, शहरात मार्शल लॉ पुकारला होता. आज मात्र 'मार्शल लॉ' म्हटलं की पोरांना सिनेमा आठवतो. पुतळे नावं सांगतात. त्या दिवसांत लोक दूध कसं आणत होते, दाराआड काय बोलत होते, हे नाही सांगत. त्यासाठी चार भिंतींचं संग्रहालयच लागतं, असं माझं मत.

सोलापुरातच, भैया चौकात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक आहे, तिथे हे जमतं. १९३८ मध्ये काँग्रेसच्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, तिथेच संसार मांडला आणि ९ डिसेंबर १९४२ ला, बत्तिसाव्या वर्षी वारले. चिनी पाहुणे इथे आवर्जून येतात. (आपण सोलापूरकर कधी जातो, ते विचारू नका.) मी फोटोंपुढे रेंगाळते. गणवेशातला तो हडकुळा तरुण बघताना १९६२ चं भारत-चीन युद्ध डोक्यात येतंच. वीस वर्षांत मैत्रीचं वैर झालं, तरी डॉक्टरांचं नाव दोन्हीकडे टिकलं. सरकारांना हे कसं काय चालतं, कोण जाणे.