उसातली पिल्लं

सोमवार, शिराळा

पहाटे कवठे महांकाळहून निघालो. गाडी धाकट्या दिरांच्या हातात. मिरजेपर्यंतचा रस्ता आपल्या सगळ्यांना पाठ आहे, त्याबद्दल काय लिहायचं! आमच्या लहानपणी या पट्ट्यात कुसळं आणि बाभळी. म्हैसाळ योजनेचं पाणी आलं, तशी द्राक्षबागांच्या कडेला हिरवीगार उसाची रानं उभी राहिली. ऊस बघितला की मला आनंद होतो, अजूनही होतो. पण ऊस जिथं खूप वर्षं आहे तिथं त्याच्यासोबत बिबट्याही आहे. तोडीच्या वेळी त्याची पिल्लं सापडतात. त्या पिल्लांचं पुढं काय होतं, ते बघायला हा प्रवास.

आष्टा, पेठ नाका करत दुपारी शिराळ्याला पोहोचलो. पश्चिमेला चांदोलीचं दाट, सदाहरित जंगल. 2004 साली ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2010 साली कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आलं. जंगल संपतं तिथून वारणेच्या खोऱ्यातला ऊस सुरू होतो. बिबट्याला ही हद्द कळत नाही, कळायचं कारणही नाही. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं गच्च रान, पाणी, आसपास भटकी कुत्री आणि डुकरं. बाळंतपणाला मादी दुसरी कुठली जागा निवडेल?

संध्याकाळी एका तरुण वनरक्षकानं मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. रात्रीचं करडं चित्र, तोडलेल्या उसाची धसकटं आणि मधोमध प्लॅस्टिकचा क्रेट. बराच वेळ काहीच हलत नाही. मग कडेनं मादी येते, थांबते, मागं सरते, पुन्हा येते. पंजानं क्रेट कलंडवते. आतून एक पिल्लू घरंगळत बाहेर येतं. ती त्याला हुंगते, मानगुटीला धरते आणि निघून जाते. अर्ध्या तासानं दुसऱ्यासाठी परत येते.

मी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. दीर शेजारी गप्प बसून होते.

वनरक्षक म्हणाला, “ताई, लोक म्हणतात पिल्लू अनाथ झालं. पण आई मेलेली नसते. माणसांचा गलका ऐकून शेजारच्या फडात दबून बसलेली असते. अंधाराची वाट बघत.”

मग त्यानं सगळी रीत सांगितली. पिल्लू दिसलं की तोड थांबवायची, माणसं लांब करायची. डॉक्टर येऊन पिल्लू तपासतात, अंगावरच्या गोचिड्या काढतात, कातडीखाली ओळखीची चिप बसवतात. दिवस मावळला की पिल्लं जिथं सापडली त्याच जागी क्रेटमध्ये ठेवायची. जागा बदलली तर आई शोधत फिरते. कॅमेरे लावायचे आणि दूर जाऊन बसायचं. पहिल्या रात्री नाही आली तर दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. वन विभाग, पशुवैद्यक आणि वाइल्डलाइफ एसओएससारख्या संस्थांनी मिळून महाराष्ट्रात अशी शंभराहून जास्त पिल्लं आईकडं पोचवली आहेत.

मंगळवार, शिराळा

आज एका फडात गेलो. टोळी बीडची. ऊस चहूबाजूंनी कापत आत जातात, त्यामुळं शेवटचा तुकडा मधोमध उरतो आणि पिल्लं बहुधा तिथंच असतात. म्हणजे पिल्लू दिसतं तेव्हा दिवस कलत आलेला असतो, ट्रॅक्टर भरायचा राहिलेला असतो आणि माणसं थकलेली असतात. अशा वेळी त्यांच्याकडून धीराची अपेक्षा करणं सोपं नाही.

बांधावर पाचटाच्या सावलीत एक लहान मूल निजलं होतं. आई कोयता चालवत होती, तीसेक पावलांवर. तिला विचारलं, पिल्लू सापडलं तर काय वाटतं? ती म्हणाली, “भ्या वाटतंया. पर त्याची आय बी कुठंतरी इथंच आसंल की.” एवढं बोलून ती मोळी बांधायला वळली.

मुकादमाचं म्हणणं रोखठोक होतं. मजुरी टनावर. फड थांबला की त्या दिवसाचा पैसा बुडाला. “वाघरू वाचलं पायजे, मान्य. पण कोयत्याचं पोट?” त्याच्या या प्रश्नाला माझ्याकडं तिथं उत्तर नव्हतं.

बुधवार, नारायणगाव

दिवसभर महामार्ग. कऱ्हाड, सातारा, पुणे, चाकण. रात्री नारायणगावला मुक्काम.

जुन्नर तालुक्याची गोष्ट आपल्या तालुक्यानं नीट ऐकून ठेवावी अशी आहे. हाही एके काळी कोरडवाहू मुलूख. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, ऊस पसरला आणि बिबटे शेतात राहू लागले. 2001 पासून इथं मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून लांबच्या जंगलांत सोडले गेले. हेतू चांगला होता. परिणाम उलटा झाला. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या अभ्यासाप्रमाणे माणसांवरचे हल्ले आधी वर्षाला सरासरी 4 होते, ते 2001 ते 2003 या काळात सरासरी 17 झाले. अनोळखी मुलखात सोडलेलं जनावर बिथरतं, आपली जागा शोधत चालत राहतं. 2009 मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या गळ्यात जीपीएस पट्टा घालून माळशेज घाटात सोडला, तर तो सुमारे 120 किलोमीटर चालून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. त्याचं नाव ‘आजोबा’. पुढं 2011 मध्ये रस्त्यावर वाहनाच्या धडकेनं तो मेला.

गुरुवार, माणिकडोह

वन विभागाची परवानगी काढून बिबट्या निवारा केंद्रात गेलो. इथं मोठ्यानं बोलायचं नाही, पिंजऱ्याजवळ रेंगाळायचं नाही. हे प्राणिसंग्रहालय नव्हे आणि तसं ते होऊही नये.

कुणाचा पाय फासात गेलेला, कुणाला गाडीनं उडवलेलं, कुणाची नजर गेलेली. आणि काही असे, ज्यांना लहानपणी माणसांनी उचललं आणि ज्यांची आई पुन्हा भेटली नाही. धडधाकट, तुकतुकीत. त्यांना पाहून मला जखमींपेक्षा जास्त वाईट वाटलं. बिबट्याचं पिल्लू दीड-दोन वर्षं आईसोबत राहतं. दबकायचं कसं, झेप कधी घ्यायची, माणसापासून लांब कसं राहायचं, सगळं तिच्याकडून शिकतं. माणसाच्या हातून वाढलेल्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीतीही उरत नाही. असा बिबट्या सोडला तर तो आणि गाव, दोघंही धोक्यात. म्हणून इथली माणसं त्यांना जन्मभर जिवापाड सांभाळतात.

मला बोर्निओतलं सेपिलोक केंद्र आठवलं. 1964 पासून तिथं अनाथ ओरांगउटानांना पावसाळी जंगलात परत जायला शिकवतात. ओरांगउटानचं पिल्लू सात-आठ वर्षं आईला बिलगून वाढतं. म्हणून झाडावर चढणं, फांद्या वाकवून निजायला घरटं करणं, हे सगळं माणसांना वर्षानुवर्षं शिकवावं लागतं. तिथल्या पिल्लांची आई खरोखरच गेलेली असते, पुष्कळदा माणसानं मारलेली असते. आपल्या उसातल्या पिल्लाची आई बहुधा जिवंत असते. दिवस मावळल्यावर ते सापडल्या जागीच ठेवलं, तर ते सहसा अनाथ होत नाही. इतकी साधी गोष्ट, आणि तिच्यावर एका जनावराचं सगळं आयुष्य ठरतं.

परतताना दीर म्हणाले, “वहिनी, आपल्याकडं सापडलं तर पहिला फोन कुणाला?”

वन विभागाची मदतवाहिनी 1926. हा आकडा तोडीच्या चिठ्ठीवर छापला पाहिजे, असं मला ठामपणे वाटतं. शिवाय पिल्लांमुळं फड थांबला, तर त्या टोळीला त्याच दिवशी जवळचा दुसरा फड मिळाला पाहिजे. मुकादमाच्या प्रश्नाचा एवढा भाग तरी कारखान्यांच्या शेती खात्याला सोडवता येईल. येत्या सोमवारी त्याच कामासाठी एका कारखान्याच्या शेती अधिकाऱ्यांची वेळ मागितली आहे. ते काय म्हणतात, ते पुढच्या भागात.